तापाचे निदान रक्तात, रक्ताचा रिपोर्ट कोणाच्या हातात?

पावसाळा लागला की सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीसमोर तापाच्या रुग्णांची गर्दी होते. ही गर्दी कोणाची असते हे या वर्तमानपत्राच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. झोपडपट्टीतला बिगारी, नालेसफाईवरचा कंत्राटी कामगार, धुणीभांडी करणारी बाई, शेतमजूर जोडपे आणि त्यांचे तापाने फणफणलेले लेकरू. डॉक्टरला एका रुग्णासाठी दोन-तीन मिनिटे मिळतात. केसपेपरवर चार अक्षरे लिहिली जातात, सलाईन लागते, इंजेक्शन दिले जाते आणि नातेवाईकाच्या हातात चिठ्ठी पडते, "रक्त बाहेरून तपासून आणा." तासा-दोन तासांनी लॅबचा कागद येतो. पांढऱ्या पेशी वाढल्या. सीआरपी वाढला. टायफॉईड 'निघाला'. घरच्यांना वाटते, चला, एकदाचे निदान झाले.

खरोखर झाले का? हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारत नाही. आरोग्याचा विषय निघाला की आपण खाटांवर बोलतो, डॉक्टरांच्या रिक्त पदांवर बोलतो, औषधांच्या तुटवड्यावर मोर्चे काढतो, आणि ते बरोबरच आहे. पण रुग्णाच्या दंडातून काढलेल्या रक्ताचे पुढे काय होते, त्यावर कोणती तपासणी झाली आणि कोणती व्हायला हवी होती, याकडे आपले लक्ष नसते. माझे म्हणणे थोडक्यात असे. तातडीच्या रुग्णाच्या रक्तात जिवाणू आहेत का, असतील तर कोणते आणि ते कोणत्या औषधाने मरतील, हे सांगणारी जी तपासणी आहे तीच गरिबाच्या वाट्याला येत नाही. ज्यांच्यावर एवढी भिस्त ठेवू नये त्या तपासण्यांसाठी मात्र त्याच्या खिशातून पैसे काढले जातात.

मुळात हा खटाटोप कशासाठी, ते आधी पाहू. ताप जिवाणूंमुळे येतो, विषाणूंमुळे येतो, मलेरियासारख्या परजीवींमुळे येतो. अँटिबायोटिक म्हणजे प्रतिजैविक औषध जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. डेंग्यूच्या रुग्णाला अँटिबायोटिकची दहा इंजेक्शने टोचली तरी डेंग्यूचे काही बिघडत नाही. उलट ज्याच्या रक्तात जिवाणूंचे विष भिनले आहे, ज्याला डॉक्टर सेप्सिस म्हणतात, त्याला अँटिबायोटिक मिळायला चार-सहा तास उशीर झाला तर जीव जाऊ शकतो. आणि पहिल्या तासात दोघेही सारखेच दिसतात! अंग तापलेले, नाडी वेगाने चाललेली, रुग्ण गळून गेलेला. म्हणून डॉक्टर रक्ताकडे वळतो.

आता त्या रिपोर्टवरचे आकडे काय सांगतात ते बघू. पांढऱ्या पेशी जिवाणूंच्या संसर्गात वाढतात हे खरे, पण त्या मार लागल्याने, भाजल्याने, नुसत्या शारीरिक ताणानेही वाढतात. टायफॉईडसारख्या अस्सल जिवाणूजन्य तापात तर त्या अनेकदा वाढतच नाहीत. सीआरपी हे नाव कोविडच्या लाटेत वस्तीवस्तीत पोहोचले. हे प्रथिन 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले. ते यकृतात तयार होते आणि शरीरात कुठेही दाह सुरू झाला की वाढू लागते. वाढायला काही तास लागतात आणि कळस गाठायला साधारण दोन दिवस. सांधेवातात ते वाढते, हृदयविकाराच्या झटक्यात वाढते, कोविडसारख्या विषाणूच्या आजारातही वाढते. म्हणजे सीआरपी सांगतो की घरात आग आहे. ती कोणी लावली हे तो सांगत नाही.

त्याच्यापेक्षा जवळचा साक्षीदार म्हणजे प्रोकॅल्सिटोनिन. हे एरवी गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत अगदी अल्प प्रमाणात तयार होते. जिवाणूंचा गंभीर संसर्ग झाला की शरीरातल्या कितीतरी पेशी ते सोडू लागतात, हे 1993 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवले. चार-सहा तासांत ते वाढते, औषध लागू पडले की झपाट्याने उतरते. मिलीलिटरमागे 0.1 नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर जिवाणूंची शक्यता फार कमी, 0.25 च्या वर गेले तर बरीच, असे ढोबळ मोजमाप वापरात आहे. खासगी रुग्णालयांत ही तपासणी आता सर्रास लिहिली जाते आणि ती स्वस्त नाही. म्हणून तिची खरी किंमत काय, हे आपल्याला कळले पाहिजे.

स्वित्झर्लंडमधल्या सहा रुग्णालयांत 1,359 रुग्णांवर झालेला अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. छातीच्या संसर्गाच्या रुग्णांना प्रोकॅल्सिटोनिन बघून औषध दिले तर अँटिबायोटिकचे दिवस सरासरी 8.7 वरून 5.7 वर आले, आणि रुग्णांचे नुकसान झाले नाही. सगळीकडे उत्साह पसरला. मग अमेरिकेतल्या 14 रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत 1,656 रुग्णांवर तोच प्रयोग झाला आणि 2018 साली निकाल आला. तपासणी केलेल्यांना सरासरी 4.2 दिवस अँटिबायोटिक, न केलेल्यांना 4.3 दिवस. फरक शून्य! तिथले डॉक्टर मुळातच औषध जपून देत होते, म्हणून तपासणीला करण्यासारखे फारसे उरले नव्हते. सेप्सिसच्या उपचाराबाबतच्या 2021 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्टच म्हटले आहे की अँटिबायोटिक सुरू करायचे की नाही हे ठरवण्यासाठी प्रोकॅल्सिटोनिनवर विसंबू नये. औषध कधी बंद करायचे हे ठरवायला मात्र ते उपयोगी आहे. ब्रिटनमधल्या 41 अतिदक्षता विभागांतल्या 2,760 रुग्णांच्या 2024 च्या अभ्यासात त्याच्या आधारे औषधाचे दिवस थोडेसे, 10.7 वरून 9.8 पर्यंत, सुरक्षितपणे कमी करता आले. आणखी एक गोष्ट गडचिरोली-गोंदियाकडच्या वाचकांनी लक्षात ठेवावी. गंभीर मलेरियातही प्रोकॅल्सिटोनिन वाढते. म्हणजे जिथे मलेरिया आहे तिथे हा साक्षीदार गोंधळतो.

अलीकडे आणखी नव्या तपासण्या आल्या आहेत. जिवाणूंचा शोध घेण्याऐवजी आपले शरीर कोणाशी लढते आहे ते त्या वाचतात. मेमेड नावाच्या इस्रायली कंपनीची तपासणी तीन प्रथिने मोजून पंधरा मिनिटांत विषाणू की जिवाणू याचा कौल देते. तिला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2021 मध्ये परवानगी दिली. चांगली गोष्ट आहे. पण ज्या रुग्णालयात रात्री दहानंतर साधी हिमोग्लोबिनची तपासणी होत नाही तिथल्या रुग्णाने त्या यंत्राचे काय करायचे, हे कोणी सांगत नाही. असो.

खरी लूट टायफॉईडच्या नावावर चालते. विडाल नावाची तपासणी फर्नांद विडाल या फ्रेंच डॉक्टरने 1896 साली शोधली. त्या काळी ती मोठी गोष्ट होती. आजही आपल्या गल्लीबोळातल्या लॅबमध्ये काचेच्या पट्टीवर एक थेंब टाकून पाच मिनिटांत टायफॉईड 'काढला' जातो तो याच विडालवर. ही तपासणी जिवाणू शोधत नाही, त्यांच्याविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये शोधते. ज्या वस्तीत गटाराशेजारून नळाची पाइपलाइन जाते, जिथल्या माणसाच्या पोटात आयुष्यभर असे जंतू येत-जात राहतात, त्याच्या रक्तात ही प्रतिद्रव्ये एरवीही सापडतात. जुन्या संसर्गाची, दुसऱ्याच जंतूची, घेतलेल्या लशीची खूणही विडाल टायफॉईड म्हणून दाखवू शकते. उलट खरा टायफॉईड असेल तर पहिल्या आठवड्यात ती गप्प बसू शकते. शास्त्र सांगते की ती करायचीच असेल तर आठवडा-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त घेऊन आकडा कितीपट वाढला ते बघावे. कॅज्युअल्टीत आलेल्या रुग्णाच्या बाबतीत हे कोण करतो? म्हणजे गलिच्छ पाणी ज्याला पाजले जाते त्याच्याच रक्तात विडाल हमखास 'पॉझिटिव्ह' येण्याची शक्यता, आणि त्याच्याच माथी चौदा दिवसांची औषधे. खरा आजार डेंग्यू असेल, लेप्टो असेल, रक्तात भिनलेला दुसराच जिवाणू असेल, तर तो टायफॉईडच्या पाटीखाली झाकला जातो.

असा खोटा साक्षीदार हटवता येतो, हे आपण एकदा पाहिले आहे. क्षयरोग शोधण्याच्या नावाखाली रक्तातील प्रतिद्रव्यांची एक तपासणी देशभर धडाक्यात विकली जात होती. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली ती वापरू नका असे बजावले आणि 2012 साली भारत सरकारने तिच्या किटवर बंदी घातली. धंदा मोठा होता, तरी बंदी आली. विडालच्या बाबतीत एवढी हिंमत कोणी दाखवलेली नाही.

नवी मुंबई महापालिकेने 2018 साली लहान मुलांना टायफॉईडची नवी लस देण्याची मोहीम घेतली. एक लाखाहून अधिक मुलांना लस दिली गेली. त्या लशीचा उपयोग किती झाला हे मोजायचे होते तेव्हा संशोधकांनी विडालचे कागद गोळा केले नाहीत. त्यांनी तापाच्या मुलांच्या रक्ताचे कल्चर केले. लस बनवणाऱ्यांना आणि अभ्यास करणाऱ्यांना खरे उत्तर हवे असते तेव्हा कल्चर लागते, आणि वस्तीतल्या पोराला ताप आला की पाच मिनिटांची विडाल पुरते, हा कुठला न्याय?

तर मग हे ब्लड कल्चर म्हणजे काय? रुग्णाचे रक्त जंतुविरहित बाटलीत भरतात. त्या बाटलीत जिवाणूंचे खाद्य असते. बाटली उबदार यंत्रात ठेवतात. रक्तात जिवंत जिवाणू असतील तर ते वाढतात आणि यंत्र इशारा देते, बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन दिवसांत. मग तो जिवाणू कोणता हे ओळखले जाते आणि कोणत्या अँटिबायोटिकने तो मरतो, कोणत्याने मरत नाही, याची यादी मिळते. सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन, विडाल यांपैकी एकही तपासणी ही यादी देऊ शकत नाही. या यादीचे मोल आज फार वाढले आहे, कारण औषधांना न जुमानणारे जिवाणू सगळीकडे पसरले आहेत. 2019 या एका वर्षात जगात 12 लाख 70 हजार माणसे थेट अशा जिवाणूंमुळे मेली, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 2022 साली प्रसिद्ध झाला. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत 2011 ते 2014 या काळात नवजात बालकांवर झालेल्या अभ्यासात जवळपास एक चतुर्थांश बालमृत्यू सेप्सिसमुळे झाल्याचे दिसले, आणि सापडलेले बरेचसे जिवाणू एकाहून अधिक औषधांना दाद देत नव्हते. कल्चर झाले म्हणून हे कळले. जिथे कल्चर होत नाही तिथली बाळे कोणत्या जंतूने गेली हे कागदावर येतच नाही.

कल्चर ही काही जादू नाही. कॅज्युअल्टीत घेतलेल्या बहुतेक बाटल्यांत काहीच वाढत नाही. टायफॉईड असूनही ते निम्म्याच्या आसपास रुग्णांत चुकू शकते. हे सगळे मान्य. पण त्यातली अर्धी चूक आपण स्वतः ओढवून घेतो, कारण रक्त काढण्याआधी अँटिबायोटिक दिले जाते. उत्तर अमेरिकेतल्या सात तातडीच्या विभागांत 325 गंभीर रुग्णांवर झालेला एक साधा अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक रुग्णाचे कल्चर औषधाच्या आधी घेतले आणि औषधानंतर दोन तासांच्या आत पुन्हा घेतले. आधीच्या बाटल्यांत 31.4 टक्के रुग्णांमध्ये जिवाणू सापडले, नंतरच्यांत 19.4 टक्के. औषधाच्या एका डोसाने एवढा पुरावा पुसला जातो. आपल्याकडे तर रुग्ण कॅज्युअल्टीत येण्याआधी गल्लीतल्या डॉक्टरकडून दोन इंजेक्शने आणि मेडिकलमधून सुट्या चार गोळ्या घेऊन आलेला असतो.

रक्त काढण्याचीही रीत आहे. मोठ्या माणसाचे दोन ठिकाणांहून, शक्यतो दोन्ही हातांतून, प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलीलिटर रक्त हवे. कातडी नीट स्वच्छ करून. दोन ठिकाणांहून अशासाठी की कातडीवरचा जंतू चुकून बाटलीत गेला तर ते कळावे. आपले नातेवाईक इथे भांडतात. "एवढे रक्त कशाला काढता, आधीच माणूस अशक्त झालाय!" वाचकहो, मोठ्या माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असते. चाळीस मिलीलिटरने काही होत नाही. इथे भांडू नका. बाटलीच नसेल तर भांडा.

कोणी म्हणेल, कल्चरचा निकाल दोन दिवसांनी येणार, तोवर रुग्णाने काय करायचे? निकालाची वाट पाहायची नाही. हा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे, नाहीतर चांगल्या मागणीचे वाईट परिणाम होतील. 2021 च्या त्याच मार्गदर्शक सूचना सांगतात की रक्तदाब कोसळला असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर एका तासाच्या आत अँटिबायोटिक सुरू करावे. शंका असेल पण रक्तदाब ठीक असेल तर लगेच तपासण्या करून, शंका टिकली तर तीन तासांच्या आत. रक्त बाटलीत भरायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे आधी, मग औषध. शिरच सापडत नसेल, बाटली येत नसेल, तर औषध थांबवू नये. आणि बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत इंजेक्शन रोखून धरणे हा तर गुन्हाच मानला पाहिजे. पैशांची जुळवाजुळव करायला नातेवाईक वणवण फिरतो तेवढ्यात तास निघून जातात.

रिपोर्ट वेळेवर न पोहोचण्याचे मोल काय असते याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. एप्रिल 2012 मध्ये न्यूयॉर्कमध्ये रोरी स्टॉन्टन हा बारा वर्षांचा मुलगा सेप्सिसने मेला. शाळेत खेळताना त्याच्या हाताला खरचटले होते. तापाने आजारी मुलाला तातडीच्या विभागात नेले, पोटाचा विकार म्हणून सलाईन देऊन घरी पाठवले. त्याच्या रक्ताचा रिपोर्ट तो घरी गेल्यावर तयार झाला. त्यात पांढऱ्या पेशींचे प्रमाण धोक्याची घंटा वाजवत होते. आईवडिलांना कोणी कळवले नाही. त्या आईवडिलांनी लढा दिला आणि 2013 साली न्यूयॉर्क राज्याने 'रोरीज रेग्युलेशन्स' या नावाने नियम केले. सेप्सिस ओळखण्याची ठरलेली पद्धत प्रत्येक रुग्णालयात हवी, ब्लड कल्चर औषधाच्या आधी हवे, औषध ठरल्या वेळेत हवे, आणि मुलाच्या तपासणीतली गंभीर बाब घरी सोडण्यापूर्वी पालकांना सांगितली पाहिजे. पुढे तिथल्या 149 रुग्णालयांतील 49,331 रुग्णांची आकडेवारी 2017 साली तपासली गेली. ही कामे उरकायला जितके तास जास्त लागले तितकी मृत्यूची शक्यता वाढत गेल्याचे दिसले. एका मुलाच्या मृत्यूने एक राज्य हलले. आपल्याकडे अशी किती मुले 'ताप येऊन गेली' एवढ्या नोंदीवर गाडली गेली असतील!

आता आपल्या माणसांचा खास प्रश्न. कल्चरमध्येही न सापडणारे जिवाणू आहेत आणि ते नेमके कष्टकऱ्यांना गाठतात. लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि पाणी ओसरल्यावर मुंबईत लेप्टोची साथ आली, हे अनेकांना आठवत असेल. त्या पाण्यात सर्वांनीच पाय ठेवले. पण जो माणूस रोज गटारात उतरतो, नाल्यातला गाळ उपसतो, कचऱ्याच्या गाडीवर अनवाणी किंवा फाटक्या बुटांनी उभा असतो, त्याच्यासाठी 26 जुलै रोजच असतो. तो माणूस कोणत्या जातींतून येतो हे सांगायची गरज नाही. 2013 च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्यावर बंदी आणली, तरी त्याच्या हातात हातमोजे आणि पायात गमबूट आले का ते ज्याने त्याने आपल्या गावात पाहावे.

लेप्टोचा जिवाणू साध्या कल्चरच्या बाटलीत वाढत नाही. प्रतिद्रव्यांची तपासणी साधारण पाच-सात दिवसांनी पॉझिटिव्ह होते, म्हणजे तिसऱ्या दिवशी आलेल्या रुग्णाचा रिपोर्ट 'निगेटिव्ह' येतो आणि त्याला घरी पाठवले जाते. पहिल्या आठवड्यात पीसीआर ही तपासणी उपयोगी पडते, पण ती मोजक्या ठिकाणी होते. विदर्भात 2018 साली नागपूर परिसरात स्क्रब टायफसची साथ आली, तेव्हाही असेच होते. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून येणारा हा जिवाणू साध्या कल्चरमध्ये सापडत नाही. गवत कापायला, जळण गोळा करायला जाणारी बाई त्याला बळी पडते. तिच्या काखेत, जांघेत, छातीखाली एक काळी खपली असते. ती बघायला कपडे बाजूला करून अंग तपासावे लागते. त्यासाठी पडदा लागतो, स्त्री कर्मचारी लागते आणि रुग्णाच्या अंगाला हात लावण्याची तयारी लागते.

अशा रुग्णाच्या बाबतीत सर्वांत मोलाची तपासणी फुकटची आहे. "तुम्ही काम काय करता?" हा प्रश्न. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या डॉक्टरने 1700 साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि प्रत्येक रुग्णाला त्याचा धंदा विचारलाच पाहिजे असे वैद्यांना बजावले. त्याला हा विषय सुचला कसा? मोदेना शहरात त्याच्या घराचा संडास उपसायला आलेल्या माणसाकडे पाहून. ते काम तो माणूस जिवाच्या आकांताने उरकत होता आणि त्याच्या डोळ्यांची आग होत होती. व्यवसायजन्य रोगांचे शास्त्र एका मैला उपसणाऱ्या माणसामुळे जन्माला आले आणि आमच्या केसपेपरवर आजही 'व्यवसाय' या रकान्यात एक रेघ मारलेली असते. तिथे 'सफाई कामगार' असे लिहिले असेल, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल आहेत असे लिहिले असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता लेप्टोचे औषध सुरू करता येते. ते औषध महागही नाही.

रक्त न तपासताही जीव वाचतात याचा मोठा पुरावा आपल्याच महाराष्ट्रातला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाचा सेप्सिस ओळखायला शिकवले. बाळ दूध ओढत नाही, रडणे मंद झाले, अंग गार किंवा गरम लागते, श्वास वाढला, अशा खुणांवरून. त्या बायकांनी घरी जाऊन इंजेक्शने दिली. 39 गावांतला नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी खाली आला आणि हा अहवाल 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. हे उदाहरण पुढे करून "मग प्रयोगशाळा कशाला हव्यात?" असे म्हणणारे अधिकारी भेटतील. त्यांना सांगावे लागेल की जिथे काहीच नव्हते तिथे त्या बायकांनी ते केले. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी इमारत उभी आहे, डॉक्टर पगारावर आहे, तिथे प्रयोगशाळा रात्री बंद ठेवायला गडचिरोलीचा दाखला चालणार नाही.

हा दयेचा विषय नाही, हक्काचा आहे. 1992 साली पश्चिम बंगालमध्ये शेतमजूर संघटनेचा एक सदस्य रेल्वेतून पडून जखमी झाला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्याला परत पाठवले. शेवटी खासगी रुग्णालयात कर्ज काढल्यासारखा खर्च करून त्याला जगावे लागले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली निकाल दिला की तातडीचे उपचार न मिळणे हा घटनेच्या कलम 21 चा, जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही. उपचारात निदान आलेच. निदानाशिवाय उपचार म्हणजे अंधारात दगड मारणे.

कागदावर बरेच काही झालेलेही आहे. 2015 साली राष्ट्रीय आरोग्य अभियानाने मोफत निदान सेवा जाहीर केली. 2019 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने कोणत्या पातळीच्या दवाखान्यात कोणत्या तपासण्या असाव्यात याची राष्ट्रीय यादी काढली. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार आणि तपासण्या मोफत केल्याचे शासनाने जाहीर केले. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालये त्यात नाहीत, हे लोकांना माहीत नसते आणि तिथे गोंधळ उडतो. तरीही जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयात "बाहेरून करून आणा" ही चिठ्ठी आता देताच कामा नये. दिली तर तिच्यावर डॉक्टरची सही आणि तारीख घ्या. ती चिठ्ठी पुरावा आहे.

दोष मात्र त्या रात्रीच्या निवासी डॉक्टरवर ढकलून मोकळे होऊ नये. चोवीस-चोवीस तास जागा असलेला तो मुलगा बाटली कुठून आणणार? त्याच्या अंगावर धावून जाणारे आपले कार्यकर्ते चुकतात. बाटली भांडारात आहे का, तंत्रज्ञाची रात्रपाळी मंजूर आहे का, यंत्राच्या देखभालीचा करार संपला आहे का, हे प्रश्न जिल्हा शल्यचिकित्सकाला आणि त्याच्या वरच्यांना विचारायचे आहेत. खरे तर रात्री तंत्रज्ञ नसला तरी कॅज्युअल्टीत रक्त बाटलीत भरून ठेवता येते आणि सकाळी पहिल्याने प्रयोगशाळेत पाठवता येते. फक्त बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नसते. रक्ताचे नमुने गाड्यांतून गोळा करून नेण्याची व्यवस्था राज्यात आहेच. तिच्यात या बाटल्यांची भर घालणे हे कोट्यवधींचे काम नाही.

प्रत्येक सरकारी रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या बैठकीत आपला माणूस आहे का ते आधी पाहा. नसेल तर माहितीचा अधिकार 2005 पासून हातात आहे. दहा रुपयांच्या शुल्कावर, आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला त्याशिवायही, आपल्या जिल्हा रुग्णालयाला पुढील माहिती मागता येते. गेल्या वर्षी कॅज्युअल्टीतून किती ब्लड कल्चर पाठवली गेली? त्यातली किती रात्री आठ ते सकाळी आठ या वेळेत घेतली? किती अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घेतली? त्याच वर्षी विडाल किती झाल्या? लेप्टोच्या किती तपासण्या सफाई कामगारांच्या होत्या? कल्चरचा अंतिम रिपोर्ट रुग्णाच्या हातात देण्याची नोंदवही आहे का, असल्यास तिच्या शेवटच्या तीन महिन्यांच्या पानांची प्रत द्यावी. उत्तर द्यायला तीस दिवसांची मुदत आहे. पावसाळा तोंडावर असताना अर्ज टाकला तर साथ शिगेला पोहोचण्याआधी उत्तर आपल्या टेबलावर असेल.